गाणारं रीळ

‘...आणि तेल घातल्यावर कमीच फिरतं, तर मग घालायचं कशाला?’

सोमगिरीबुवा पुढ्यातलं झाकण पुसत राहिले.

भार्गवनं पुन्हा करून दाखवलं. शर्टाच्या बटणाएवढं बेअरिंग. पेट्रोलमध्ये धुतलेलं, फडक्यावर उन्हात वाळवलेलं. ते त्यानं बांबूच्या काडीच्या टोकावर बसवलं आणि नखानं टिचकी मारली.

बेअरिंग फिरायला लागलं. कानाशी भुंगा यावा तसा आवाज. फिरतंय, फिरतंय... थांबायचं नाव नाही.

मग त्याच मापाचं दुसरं. यात मात्र सुईच्या टोकानं शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिलेला. टिचकी. आवाज नाही. जरा फिरलं आणि निमूट थांबलं.

‘बघितलंत? कोरडं गातं. तेलाचं मुकं.’

‘हं.’

‘हं काय, बुवा! उत्तर द्या.’

बुवांनी पुढ्यातल्या वाटीतलं पेट्रोल बोटानं ढवळलं. तळाशी मीठ साचलं होतं, गंज साचला होता. समुद्रावरून आलेल्या, गळाचा दोरा गुंडाळायच्या रिळाच्या पोटातून हेच निघतं.

‘वाटी ओतून ये,’ ते म्हणाले. ‘झाडाच्या मुळाशी नको.’

हे उत्तर झालं का? भार्गवला वाटलं, नाही झालं. तणतणत उठला.

खाडीच्या तोंडाशी, धक्क्याच्या वरच्या अंगाला बुवांची मठी होती. भगवी कफनी घालण्याआधी बुवा आगबोटीवर होते. खाली यंत्राच्या खोलीत, तेल घालायच्या कामाला. गोसावी झाल्यावर माणूस पोथी घेऊन बसतो. बुवा रिळं घेऊन बसले. गळ टाकून मासे धरणारे, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत गरवणारे, आपापली रिळं घेऊन पायऱ्या चढून यायचे. झाकण काढायचं, फिरकी काढायची, तिच्या बुडाचं बेअरिंग सोडवायचं, धुवायचं, वाळवायचं, थेंबभर तेल द्यायचं, पुन्हा बसवायचं. एवढंच काम. लोक तांदूळ ठेवून जायचे, नारळ ठेवून जायचे.

कुणी तरी टोमणा मारायचाच. ‘बुवा, मासा तोंडात घालत नाही आणि रिळं परजून देता?’

‘रीळ शाकाहारी आहे,’ बुवा म्हणायचे.

मी त्यांना पाहिलेलं आहे, म्हणून सांगते. हसवायचे, पण स्वतः हसायचे नाहीत.

भार्गव त्यांचा एकुलता चेला. कफनीचा नव्हे, कामाचा. खारव्याचा मुलगा, आणि त्याला बोट लागायची! होडी धक्क्यावरून सुटली की हा ओकायला लागायचा. दर्यावर पोट भरणाऱ्या घरात याहून मोठी नामुष्की कोणती? होडीच्या म्होरक्यानं, तांडेलानं, एक दिवस सगळ्यांदेखत उतरवला. म्हणाला, ‘याला बालवाडीत बसवा.’ अख्खा धक्का हसला.

त्या दिवशी भार्गव या पायऱ्यांवर येऊन बसला होता. बुवांनी काही विचारलं नाही. नुसता आपला पाट त्याच्याकडे सरकवला आणि त्याच्या हातात स्क्रू काढायचा पेचकस दिला.

तेव्हापासून तो पाट त्याचा. बुवा चटईवर.

पुढं लग्न झालं, मुलगी झाली, आणि भार्गवचा हात असा काही तयार झाला की लोक लांबून रिळं पाठवायला लागले. बुवांचे हात कापायला लागले होते, म्हणून शेवटचा थेंब आता भार्गवच द्यायचा.

म्हणजे द्यायला हवा होता.

धक्क्यावर एक खूळ शिरलं होतं. हातात रीळ घ्यायचं, फिरकी सोडायची आणि कुणाची जास्त वेळ फिरते, कुणाची जास्त गाते यावर पैजा मारायच्या. भार्गवला कळून चुकलं की बेअरिंग कोरडंच ठेवलं की रीळ जास्त गातं. त्यानं बुवांना न सांगता तेल द्यायचं सोडलं. लोक वाहवा करायला लागले. ‘बुवांचं रीळ चालतं, पण भार्गवचं रीळ गातं!’

आवाजाला माणसं भुलतात. ज्याला एकदा सगळा धक्का हसला, त्याच्या कानाला ही वाहवा किती गोड लागली असेल ते मला कळतं. म्हणून ते बरोबर ठरत नाही.

‘बुवा,’ वाटी ओतून आल्यावर भार्गव म्हणाला, ‘आज शेटचा फोन येईल.’

‘कुठले शेट?’

‘रत्नागिरीचे. शंभरदा सांगितलंय. गळ-काठ्यांचं मोठं दुकान आहे त्यांचं. दुरुस्तीची खुर्ची मला देतायत. राहायला वर खोली. मुलीची शाळा समोरच.’

‘मग जा.’

‘असं कसं जाऊ? ते म्हणाले, बुवांचा शब्द हवा. तुम्ही हो म्हणालात तर खुर्ची माझी. नाही म्हणालात तर...’

तो थांबला. बायकोनं ट्रंक भरून ठेवली होती. मुलगी शेजारपाजारी सगळ्यांना सांगून आली होती.

‘म्हणून विचारतोय. माझ्या हातात काही कमी आहे का? असेल तर आत्ता तोंडावर सांगा.’

बुवांनी सुईचं टोक उजेडाकडे धरलं.

...

‘बुवा! आहात की समाधी घेतलीत?’

पायऱ्यांवर चपला फटफटल्या. द्वारकाबाय.

धक्क्यावर पुरुषांच्या रांगेत उभी राहून गरवणारी ही एकटी बाई. नवरा गेला तेव्हापासून त्याच्याच काठीनं, त्यानं जहाजावरून आणलेल्या त्याच्याच रिळानं. रांगेत जागा द्या म्हणून तिनं कुणाची विनवणी केली नाही. कोपरानं करून घेतली.

तिनं रीळ बुवांच्या पुढ्यात आपटलं.

‘फिरवा.’

बुवांनी हँडल धरून फिरवलं. कर्र... आणि अडकलं.

‘अडकलं ना? असंच अडकलं काल. एवढी तांबोशी लागली होती मला!’ तिनं हात फाकले. मग जरा आणखी फाकले. ‘ती दोरा घेऊन पळाली, म्हटलं पळ बाई, किती पळशील, आणि हे मेलं मधेच जाम! दोरा तटकन तुटला. तांबोशी गेली.’

‘गेली...’ बुवा म्हणाले.

‘तुम्ही खात नाही, तुम्हाला काय सांगायचं! माझी थोरली बहीण आली होती मुंबईहून. अंथरुणाला खिळलेली. मुलानं गाडीत निजवून आणली, एका दिवसापुरती. मला म्हणाली, द्वारके, तांबोशीच्या डोक्याचं सार कर गं, दुसरं काही नको. जन्मात तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला वाढवलंन तिनं. आपल्या ताटातलं काढून मला घातलंन. आणि काल माझ्या घरी ती... सुकटीवर जेवली. छान झालंय म्हणाली.’

तिचा आवाज खाली आला. खाली आला म्हणून ती स्वतःवरच चिडली, आणि पुन्हा चढला.

‘ह्या रिळानं माझी दोन पोरं वाढवलीन, बुवा! कधी दगा दिला नाही. गेल्या महिन्यात तुमच्याकडे दिलं आणि ही दशा! डोळे गेले तुमचे, हात कापतात. कशाला लोकांची रिळं घेता? जप करा की गुपचूप!’

भार्गव खाली मान घालून डबीतले स्क्रू लहानमोठे निवडत होता. ते आधीच निवडलेले होते.

बुवांनी तिच्यासमोर हात जोडले.

‘परत आणलंत, उपकार झाले.’

‘अहो, शिव्या घालतेय मी!’

‘खाडीत भिरकावलं असतंत तर मला कधी कळलंच नसतं. पायऱ्या चढून आलात. बसा.’

द्वारकाबाय बसली.

‘उघड,’ बुवांनी रीळ भार्गवकडे दिलं.

भार्गवनं झाकण काढलं. फिरकी ओढली, निघेना. पेचकसाचं टोक घालून हळूच उचलली. बेअरिंग सुटून तळहातावर पडलं.

तांबडं झालं होतं. आतले छर्रे गंजून एकमेकांना चिकटले होते. खाऱ्या पाण्याला वाट मोकळी मिळाली होती. तेलाचा लवलेश नव्हता. कधीच नव्हता. ज्याला रिळातलं कळतं त्याला हे बघताक्षणी कळावं. तिथं अशी दोनच माणसं होती.

बुवांनी हात पुढं केला. भार्गवनं बेअरिंग त्यांच्या हातावर ठेवलं.

बुवांनी ते पाहिलं... आणि मूठ मिटली.

तेवढ्यात भार्गवचा फोन वाजला.

त्यानं पडद्यावरचं नाव वाचलं. तोंडाचं पाणी पळालं. फोन वाजतोय, वाजतोय.

‘अरे घे की!’ द्वारकाबाय ओरडली. ‘कान किटले.’

‘शेट...’ भार्गव पुटपुटला.

बुवांनीच फोन मागून घेतला. उलटा धरला, मग सुलटा धरला. पलीकडचा आवाज पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होता.

‘बुवा, नमस्कार! जास्त वेळ घेत नाही तुमचा. एवढंच सांगा, पोराचा हात कसा आहे?’

बुवांची मूठ अजून मिटलेलीच होती.

‘हात चांगला आहे.’

‘निर्धास्त राहू ना मी?’

‘निर्धास्त राहा.’

‘बस, बस. तुमचा शब्द म्हणजे झालंच. सोमवारी पाठवा.’

बुवांनी फोन परत दिला.

‘चला!’ द्वारकाबायनं गुडघ्यावर थाप मारली. ‘गुरूचा गेला, पण चेल्याचा हात तरी चांगला आहे! जा रे बाबा भार्ग्या, रत्नागिरीला जा. मोठा हो. तुझ्या हातचं असतं ना माझं रीळ, तर काल माझी बहीण सारभात जेवली असती.’

आणि तिनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. कडाकडा मोडली.

आता काय उरलं होतं? शब्द मिळाला होता. खुर्ची मिळाली होती. आशीर्वादसुद्धा मिळाला होता, तोही त्या बाईचा. नुसता पाटावरून उठून पायऱ्या उतरायचा अवकाश.

भार्गव उठला.

उभाच राहिला.

‘काकी...’

‘काय रे?’

‘ते माझ्याच हातचं आहे.’

‘काय?’

‘तुमचं रीळ. बुवांनी हात लावला नव्हता. मी साफ केलं. आणि तेल दिलं नाही.’

‘विसरलास?’

इथं ‘हो’ म्हटलं असतं तर निभलं असतं. विसरायला कोण विसरत नाही?

‘नाही. मुद्दाम नाही दिलं. कोरडं जास्त गातं म्हणून. लोक... वाहवा करतात म्हणून.’

द्वारकाबाय त्याच्याकडे बघत राहिली. खाली धक्क्यावर कुणी तरी कुणाला हाका मारत होतं.

‘म्हणजे माझ्या बहिणीचं सार,’ ती सावकाश म्हणाली, ‘तुझ्या गाण्यात गेलं.’

भार्गवची मान खाली.

‘मेल्या! मुडद्या! तुझ्या त्या...’ तिनं चप्पल काढायला हात खाली नेला. नेला आणि तिथंच थांबला. ‘आणि मी तरी काय केलं? मीच सगळ्या धक्क्याला ऐकवत हिंडले ना, ऐका रे, बुवांच्या हातचं माझं रीळसुद्धा कसं गातंय ते! मला तरी कुठं अक्कल होती?’

तिनं बुवांकडे पाहिलं. ‘आणि तुम्ही! मी एवढं तोंड सोडलं, तुम्ही ब्र काढला नाहीत?’

‘पाट मी दिलेला आहे,’ बुवा म्हणाले. मग भार्गवला विचारलं, ‘आणखी किती?’

‘बरीच.’

‘कुणाकुणाची, आठवतं?’

‘सगळी आठवतात.’

‘बरं.’

एवढंच. बुवांनी मूठ उघडून गंजलं बेअरिंग बाजूला ठेवलं आणि तेलाची कुपी भार्गवच्या पुढ्यात सरकवली.

‘मी?’ भार्गव म्हणाला. ‘अजून मीच?’

बुवांनी आपला कापरा हात त्याच्यासमोर धरला.

भार्गव पुन्हा पाटावर बसला. डबी धुंडाळली. त्या मापाचं नवं बेअरिंग मठीत नव्हतं. शहरातून मागवायचं तर आठवडा जाणार. त्यानं एकदा खुंटीकडे पाहिलं. तिथं त्याचं स्वतःचं रीळ टांगलेलं होतं. धक्क्यावरच्या सगळ्या पैजा जिंकलेलं. रत्नागिरीच्या दुकानात काउंटरवर ठेवून शेटना आणि गिऱ्हाइकांना ऐकवायचं, असं त्यानं कधीचं ठरवलेलं होतं.

ते त्यानं उतरवलं. झाकण काढलं. बेअरिंग काढलं.

द्वारकाबायला रिळाचं पोट कळत नसे, पण माणसाचं कळत असे.

त्यानं तिच्या रिळाचं पोट पेट्रोलनं धुतलं. जुन्या दात घासायच्या ब्रशनं कोपरे घासले. गंज गेला. फडक्यानं टिपलं, फुंकर मारली, उन्हात धरलं. आपलं बेअरिंग धुतलं, वाळवलं. सवयीनं काडीवर बसवून टिचकी मारली.

गायला लागलं. त्याच्या सगळ्या बेअरिंगांत गोड.

त्यानं ते संपेपर्यंत ऐकलं.

मग सुई कुपीत बुडवली. टोकाला थेंब धरला. फार झाला, तो फडक्याला पुसला. पुन्हा बुडवली. या खेपेला मोहरीएवढा आला. छर्‍यांच्या फटीत तो टेकवला. थेंब आत गेला.

टिचकी.

आवाज नाही. जरा फिरलं... थांबलं.

भार्गवनं डोळे पुसले. पेट्रोलच्या वासानं पाणी येतंच, असं द्वारकाबाय पुढं लोकांना सांगायची. बाईनं आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं सांगितलं, त्यातली ही एक.

रीळ जोडून त्यानं दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरलं. तिनं हँडल फिरवलं. पुढं, मागं. बोटानं फिरकी ढकलली.

‘चालतंय का बंद आहे?’

‘चालतंय.’

‘काही कळतच नाही.’ तिनं पुन्हा फिरवलं. फिरवत राहिली. चेहरा सैल होत गेला. ‘माझा नवरा होता तेव्हा असंच होतं हे. मी विसरलेच होते रे. तो शेजारी उभा राहून गरवायचा तर मला कळायचंसुद्धा नाही.’

ती उठली. पदर खोचला. पायऱ्यांपाशी जाऊन वळली.

‘माझी बहीण पुन्हा आली ना भार्ग्या, तर रत्नागिरीहून यायचंस जेवायला. काटे तुला वाढीन, सार तिला.’

‘येईन, काकी.’

‘आणि माझं घर उभं आहे ते ह्या रिळावर. तू सांगितलंस म्हणून आज ते पुन्हा हातात आलं. देव तुझं बरं करो.’ मग घाईघाईनं, ‘मेल्या,’ असंही म्हणाली. गोडच बोलून गेली असं व्हायला नको.

चपला फटफटत खाली गेल्या.

भार्गवनं हत्यारं पुसली. वाटी पालथी घातली. आपलं बेअरिंग काढलेलं रीळ तसंच खुंटीला लावलं. मग बुवांच्या चटईसमोर येऊन डोकं टेकवलं. त्याला बरंच काही बोलायचं होतं. त्या पहिल्या दिवसाबद्दल, सरकवलेल्या पाटाबद्दल, न विचारलेल्या प्रश्नांबद्दल. बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

‘बुवा, शेटना कळवतो. सोमवारी नाही येत. आधी घरोघर जातो, दिलेली सगळी रिळं उघडतो, तेल देतो, खरं काय ते सांगतो. तोवर खुर्ची राहिली तर राहिली.’

‘कळव.’

‘आणि हेही सांगू का, की बुवांनी दिलेला शब्द...’ त्यानं मान वर केली. ‘तुम्हाला ठाऊक होतं ना? आजच नाही. आधीपासून.’

‘कान आहेत मला. धक्का खालीच आहे.’

‘मग हात चांगला आहे असं कसं म्हणालात? निर्धास्त राहा म्हणालात! मुठीत ते गंजलेलं धरून!’

बुवांनी गंजलेलं बेअरिंग फडक्यात गुंडाळलं.

‘तुम्ही खोटं बोललात, बुवा?’

...

बुवांनी तेलाच्या कुपीला बूच लावलं.

‘बोललो तेव्हा खोटंच होतं.’